बांध कोरण्याआधी मोजणी

श्रोतेहो, नमस्कार.

ऊस तुटून गेला, की आपल्या सांगली जिल्ह्यात नांगरट सुरू होते आणि त्याच दिवसांत बांधाचे वादही डोके वर काढतात. ट्रॅक्टरचा फाळ दर वर्षी वीतभर आत सरकतो, पलीकडचाही तेच करतो, आणि कधीकाळी बैलगाडी जाईल एवढा रुंद असलेला बांध पायवाटेपुरताही उरत नाही. कृष्णा-वारणेच्या काठी 2019 सारखा महापूर आला, तर खचलेल्या मातीबरोबर हद्दीचे दगडही जातात.

हिशेब करून पाहा. 330 फूट लांबीचा बांध एका अंगाने फूटभर कोरला, तर जाणारी जमीन 330 चौरस फूट. गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा. गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जमिनीसाठी सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या घरचे लग्नही टाळतात, हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

अशा वेळी सातबारा पुढे केला जातो. पण सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवत नाही. हद्द असते ती भूमि अभिलेख खात्याकडील टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या नोंदीत, आणि गटाच्या नकाशात. म्हणून तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, आणि माझे आग्रहाचे सांगणे असे की, शक्य असेल तर दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून तो करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस येते. रागाच्या भरात ती बाजूला टाकून घरी बसू नये, कारण भूकरमापकासमोर आपली वहिवाट दाखवण्याची वेळ तीच असते. मोजणी पटली नाही, तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. आणि तरीही वाद राहिला, तर जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 135 मध्ये हद्द ठरवण्याची तरतूद आहे.

आपल्याच तासगाव तालुक्यातील आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावची तंटामुक्त समिती नकाशावरची रेघ हलवू शकत नाही, मात्र बांध किती रुंद ठेवायचा, त्यावरच्या झाडाचे काय करायचे, पाट कुठून न्यायचा, हे दोघांना समोर बसवून ती ठरवून देऊ शकते.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक शेतात असतानाच दोन्ही घरांनी मिळून खुणांवर दगड पुरावेत आणि दोन्हीकडच्या मुलांना ते दाखवावेत, कारण पुढची नांगरट त्यांच्या हातून होणार आहे.