बुगाटीचा ब्रेक आणि घरची अर्टिगा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी तरी अर्टिगा उभी असतेच. सात माणसं बसतात, मागची सीट पाडली की गणपतीला गावी न्यायचं सामानही मावतं. इंजिन १४६२ सीसीचं, ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या किंचित वर.

आता १९२४ सालात चला. फ्रान्समध्ये लियों शहराजवळच्या ग्रां प्री शर्यतीत एत्तोरे बुगाटी यांनी आपली टाइप ३५ उतरवली. आठ सिलिंडरचं, सुमारे दोन लिटरचं इंजिन आणि ताकद साधारण नव्वद हॉर्सपॉवर! म्हणजे शर्यतींच्या इतिहासात अजरामर झालेल्या त्या गाडीपेक्षा आपल्या घरच्या गाडीची ताकद थोडी जास्तच भरते. अर्थात बुगाटीचं वजन जेमतेम साडेसातशे किलो. छप्पर नाही, सीटबेल्ट नाही. अर्टिगा अकराशे किलोच्या पुढची, आणि त्यात माणसं बसायची ती वेगळीच.

मला मात्र इंजिनापेक्षा ब्रेकचं कौतुक जास्त वाटतं. टाइप ३५ची चाकं ॲल्युमिनियमची ओतीव, आठ चपट्या आऱ्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढलं की ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू समोर उघडे. फार देखणी, फार हुशार रचना. पण पॅडलपासून त्या शूपर्यंत जोर पोचायचा तो तारांनी. पावसात चाक जाम झालं की गाडी घसरत सुटे आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नसे, कारण फिरणारं चाकच गाडी वळवतं. मग चालकाने पाय क्षणभर उचलायचा, चाक सुटू द्यायचं, पुन्हा दाबायचं. हे सगळं नुसत्या तळपायाच्या अंदाजावर. त्या चालकांपुढे मी मनापासून हात जोडतो.

आज तेच काम एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, करतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ते सक्तीचं आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो आणि चाक जाम होऊ लागलं की एबीएस त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडतं, धरतं.

घोडबंदर रोडला गायमुखचा उतार, धो धो पाऊस, आणि पुढचा कंटेनर अचानक थांबला. तुम्ही ब्रेक दाबता. पॅडल पायाखाली थडथड हादरतं, खालून घरघर ऐकू येते. कित्येक जणांना वाटतं, काहीतरी तुटलं, आणि ते पाय उचलतात. बुगाटीत ते बरोबर होतं. एबीएस असलेल्या गाडीत पाय उचललात, तर जो ब्रेक लागत होता तोच तुम्ही सोडून दिलात. पाय पूर्ण दाबून ठेवा, नजर मोकळ्या जागेकडे ठेवा आणि तिकडे स्टिअरिंग वळवा. गाडी वळेल.

पाऊस थांबलेला असताना, रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, सावकाश वेगात एकदा हे करून बघा. ती थडथड पायाच्या ओळखीची होऊ द्या. घरात आणखी कुणी गाडी चालवत असेल, तर त्यांनाही बसवा.