खाली ऊब, वर गारवा

श्रोतेहो, नमस्कार.

हवामानबदलाची चर्चा निघाली की एक शंका हमखास येते. पृथ्वी तापतेय हे मान्य, पण सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. तिचं उत्तर मिळतं ते मात्र आपल्या डोक्यावर तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर.

आधी उष्णतेचा जमाखर्च पाहू. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा ढग, बर्फ, वाळवंटं परत फेकतात. बाकीची ऊर्जा पृथ्वी शोषते आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपात अवकाशात सोडते. हरितगृह वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवणारे वायू नसते, तर एवढ्या हिशेबात पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअस भरलं असतं. प्रत्यक्षात ते अधिक १५च्या आसपास आहे. तेव्हा या वायूंना सरसकट खलनायक ठरवू नका. त्यांच्यामुळेच आपण गोठलेलो नाही.

बिघडलंय ते प्रमाण. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० रेणू होते. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आणि आता ४२०च्याही वर. कोळसा, तेल, वायू जाळला, जंगलं तोडली, त्याचा हा परिणाम. (धुरातले काही कण उलट थंडावाही आणतात, पण ऊब त्यांना पुरून उरते.)

आता सूर्याकडे वळू. तो तापला असता, तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. घडतंय भलतंच. जमिनीलगतचं तपांबर तापतंय आणि त्यावरचं स्थितांबर थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो, पण वरच्या विरळ हवेत तोच ती अवकाशात उधळून टाकतो. तो वाढला की वर गारवा वाढतो. ओझोनच्या ऱ्हासाचाही यात वाटा आहे, विशेषतः स्थितांबराच्या खालच्या भागात. पण त्याहून वर मुख्य हात कार्बन डायऑक्साइडचाच.

मला थक्क करते ती याची तारीख. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच, त्या काळच्या तुटपुंज्या संगणकावर, हे गणित मांडलं होतं. उपग्रहांची सलग मोजमापं त्यानंतर दहा-बारा वर्षांनी सुरू झाली आणि त्यांत तेच दिसलं. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

राहिला सूर्य. त्याच्याकडून येणारी ऊर्जाही उपग्रह १९७८ पासून मोजताहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती जेमतेम ०.१ टक्का वरखाली होते. चढती कमान तिच्यात नाही.