सैन्यभरती: मैदानाआधी आणि मैदानानंतर

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा, एवढ्या मुलखातील तरुणांची सैन्यभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयामार्फत होते. अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतून भरती होणारा जवान, होण्याची पहिली पायरी मात्र मैदानावर नसून संगणकासमोर असते. 2023पासून संकेतस्थळावरील नोंदणीनंतर आधी संगणकावरची लेखी परीक्षा होते आणि त्यात निवडल्या गेलेल्यांनाच मैदानावरील भरती मेळाव्याला बोलावले जाते. वर्षभर केवळ धावण्याचा सराव केलेली कित्येक मुले गणित आणि सामान्य ज्ञानापाशी अडतात, ही गोष्ट घरच्यांनी वेळीच लक्षात घ्यायला हवी.

मेळाव्याच्या दिवशी पहाटेच्या अंधारात रांगा लागतात. सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणाऱ्याला 60 गुण आणि दहा बीम (पुल-अप) मारणाऱ्याला 40 गुण मिळतात. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे यांना गुण नसले, तरी त्यांत उत्तीर्ण व्हावेच लागते. त्यानंतर कागदपत्रे तपासली जातात. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी धावण्यात पहिला आलेला मुलगाही अडचणीत येऊ शकतो. रहिवासी दाखला, चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला मिळवण्यासाठी तलाठी, सरपंच आणि पोलीस ठाणे यांच्याकडे खेटे घालावे लागतात, म्हणून हे काम मेळाव्याच्या तारखेची वाट न पाहता आधीच उरकलेले बरे.

सर्वांत जास्त धास्ती असते ती मेडिकलची. लष्करी डॉक्टर सपाट तळपाय, एकमेकांना टेकणारे गुडघे, कानातील मळ आणि रंग ओळखण्याची दृष्टी असे सारे बारकाईने पाहतात. ‘अनफिट’ हा शेरा ऐकताच मुले खचतात. परंतु लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागण्याचा मार्ग खुला असतो आणि त्यासाठी दिलेली मुदत चुकवू नये. कानातला मळ काढून घेण्यासारखी साधी गोष्ट तर महिनाभर आधी करता येते.

या सगळ्या धावपळीत सेवेच्या अटींवर घरात पुरेसे बोलणे होत नाही, आणि हीच सर्वांत मोठी उणीव आहे. जून 2022मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार सेवा चार वर्षांची असते आणि तिच्या अखेरीस प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के जवानांनाच कायम केले जाते. पहिल्या वर्षीचे वेतन महिना 30,000 रुपये असले, तरी त्यातील 9,000 रुपये सेवानिधीत जातात आणि हातात 21,000 येतात. सेवानिधीत शासनही तेवढीच भर घालते, त्यामुळे चार वर्षांनंतर व्याज धरून दहा लाखांहून अधिक रक्कम मिळते. निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही. कर्ज काढून भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीची फी भरणाऱ्या कुटुंबाने हे आकडे मुलासोबत बसून पाहिले पाहिजेत.

‘आपली वर ओळख आहे’ असे सांगून पैसे मागणारा माणूस बहुतेक मेळाव्यांच्या आसपास भेटतो. भरतीत कोणत्याही टप्प्यावर कोणाला पैसे देऊन निवड होत नाही. अशा माणसाची माहिती थेट भरती कार्यालयाला किंवा पोलिसांना द्यावी.

निवड झालेल्या उमेदवाराचे वय अठरापेक्षा कमी असेल, तर नावनोंदणीच्या अर्जावर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. ती झाली, की त्याला नेमून दिलेल्या प्रशिक्षण केंद्रावर रवाना केले जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीत निवड झालेल्यासाठी ते केंद्र बेळगावला असते.