एक मिनिट थांबायचं

नमस्कार मंडळी. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली असते ना, त्याला आंबटपणा येतो तो ॲसिटिक ॲसिडमुळे. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने तेच ॲसिड, चार टक्क्यांचं, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत नेलं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर शोधायला.

तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. शिक्षण किमान दहावी, प्रशिक्षण चार आठवडे. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून धरणारं साधन, बसवायचं, दिवा नीट धरायचा, पिशवीचं तोंड दिसलं की ॲसिडचा बोळा लावायचा. मग पूर्ण एक मिनिट थांबायचं. हे मिनिटच महत्त्वाचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं दाट असतात, ती ॲसिडने गोठतात आणि गुलाबी कातडीवर पांढरा, ठळक कडेचा डाग उठतो. घाई केली तर डाग उठायच्या आत 'सगळं ठीक आहे' म्हणून बाई घरी जाते. म्हणून पुन्हा सांगते, एक मिनिट.

३५ ते ६४ वयाच्या सुमारे ७५ हजार बायकांना दर दोन वर्षांनी अशी तपासणी देऊ केली, चार वेळा. तेवढ्याच बायकांच्या दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली. बारा वर्षांनी हिशेब केला, तर तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी! दहावी शिकलेल्या हातांनी हे करून दाखवलं. आमच्या आशाताईंना मानधन कसलं देता, पगार द्या, असं मला नेहमी वाटतं.

तर तिशीनंतर, काही त्रास नसताना, दर पाच वर्षांनी तपासून घ्या. त्रास नसतानाच. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. वेळीच सापडला तर तेवढाच भाग जाळून किंवा गोठवून काढतात. पाळी गेल्यावर मात्र जिथे बिघाड सुरू होतो ती जागा आत सरकते, बोळ्याने दिसत नाही. तेव्हा पॅप (तिथल्या पेशी घेऊन तपासतात) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी मागा.

मुलींना एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात, दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा ओलांडली की तीन. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅकही आहे. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा, काही मुलींना भोवळ येते. आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी हवीच, कारण लस या विषाणूचे सगळे प्रकार अडवत नाही.

तपासणीला पाळीच्या दिवसांत जाऊ नका. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, आतून औषधही नको. खोलीत पडदा नसेल तर आधी पडदा लावायला सांगा, मगच टेबलावर चढा.