न वितळवता पारखलेले कडे

सांगली जिल्ह्यातील विटा आणि खानापूर-आटपाडीच्या परिसरातील गलाई कारागीर सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणाच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेलेले आहेत. डाग मुशीत वितळवायचा, सवागी (टाकणखार) टाकून मळी वेगळी करायची आणि मग अस्सल किती, हीण किती ते सांगायचे, ही त्यांची रीत. उत्खननात निघालेल्या कांस्याच्या कड्यासाठी मात्र नेमकी हीच वाट बंद असते, कारण ते वितळले की घडवणाऱ्याच्या हाताच्या खुणाही कायमच्या पुसल्या जातात.

कांस्य म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. शुद्ध तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. त्यात दहावा हिस्सा कथील असले, तर सुमारे 1000 अंशांलाच रस तयार होतो आणि थंड झाल्यावर तो तांब्याहून कठीण बनतो. अस्सल काशाच्या वाटीत कथील सुमारे 22 टक्के असते, म्हणून ती थंड असताना ठोकली तर तडकते आणि लालबुंद असतानाच घडवावी लागते. कड्यात कथील किती, हा पहिला प्रश्न त्यासाठीच.

सराफाकडे सोन्याचा कस पाहणारे क्ष-किरण यंत्र येथेही चालते, पण ते वरचा पातळ थरच वाचते. मातीत पडून राहिलेल्या कांस्यातून तांबे झिरपून जाते, कथील मागे उरते आणि पृष्ठभागावरचा आकडा फसवा निघतो. तरीही मातीत त्यावर चढलेला हिरवा थर जपलाच पाहिजे. चिंच-मीठ लावून लख्ख घासलेले जुने कडे पाहिले की जीव हळहळतो. चिंचेचे आम्ल त्या थरासकट हत्यारांच्या खुणा नेते आणि मिठातील क्लोराइड धातू पोखरू लागते.

त्यानंतर कड्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली जातात. ओतीव कड्यात हवेचे गोल बुडबुडे दिसू शकतात. दोन भागांच्या साच्याची शिवण कधी कधी काठावर उरते, मेणाच्या साच्याला ती नसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेण गाळून मूर्ती ओतण्याची कृती आहे, आणि मेण आधी तोलून त्यावरून धातू किती घ्यायचा हेही तेथे सांगितलेले आहे.

खरा उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. मुळातच तुटलेल्या टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा राळेत बसवून आरशासारखा घासतात आणि त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब फिरवतात. धातू नुसता ओतलेला असेल, तर नेच्याच्या पानासारख्या फांद्या दिसतात. ठोकून पुन्हा तापवलेला असेल, तर त्या फांद्या मोडून नवे कण तयार झालेले असतात आणि कणांच्या आत सरळ जोडरेषा, म्हणजे जोडीने उमटलेल्या समांतर रेषा, असतात. आता भिंगाखालच्या या तुकड्याकडे पाहावे. जोडरेषा आहेत, पण त्या वाकलेल्या आहेत आणि त्यांना छेदणाऱ्या बारीक रेघोट्याही आहेत. म्हणजे कारागिराने कडे ठोकले, भट्टीत तापवले, निवू दिले, आणि शेवटचे घाव थंड धातूवर घातले.