कोरा सातबारा कुणाच्या खर्चाने?

(जालन्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ख्रिस्ती धर्मातील पाप, पश्चात्ताप आणि क्षमा'. पाप म्हटलं की सभेतली निम्मी माणसं खाली बघतात आणि निम्मी शेजाऱ्याकडे. म्हणून मी पापापासून सुरुवात करत नाही, उचलीपासून करतो.

बीड-जालन्याच्या माणसाला उचल काय ते सांगावं लागत नाही. मुकादम येतो, एका कोयत्यामागं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागं, आगाऊ रक्कम देतो. ती दिवाळीआधीच खर्च होते. मग टोळी कारखान्यावर जाते, थंडीत पहाटे उठून ऊस तोडते, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशोब होतो. फिटली तर फिटली, नाहीतर बाकी 'अंगावर' राहते. हा शब्द बघा. कर्ज वहीत असतं, पण आपण म्हणतो अंगावर आहे.

येशू जी अरामी भाषा बोलत होता, तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द होता. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेत येतं, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' लूकने तिथं 'पापे' असं लिहिलं, कारण त्याच्या ग्रीक वाचकांना ते सोपं जाणार होतं. आम्ही दर रविवारी ही प्रार्थना म्हणतो, आणि खरं सांगायचं तर पाढ्यासारखी म्हणतो. नीट ऐकली तर ती अवघड आहे. त्यातल्या 'जसे'मध्ये आपणच आपल्याला अडकवून घेतो.

मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूची एक गोष्ट आहे. राजाच्या एका चाकराच्या अंगावर १०,००० तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. हा माणूस एकही खाडा न करता राबला असता, तरी १ लाख ६४ हजार वर्षं लागली असती. तो पाया पडून म्हणतो, 'मला सवड द्या, सगळं फेडीन.' कसा फेडणार? ऐकणारे हसले असतील. राजा सवड देत नाही, सगळंच सोडून देतो. हा बाहेर पडतो आणि १०० दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. १०० दिनार म्हणजे तीनेक महिन्यांची मजुरी, अगदीच किरकोळ रक्कम नव्हे. दुसऱ्यानं आपलं केलेलं नुकसान खोटं आहे असं येशू म्हणतच नाही. पुढं राजा दिलेली सूट काढून घेतो, हे प्रवचनांमधून बऱ्याचदा वगळलं जातं.

आता सातबाऱ्याकडे येऊ. 'सातबारा कोरा करा' ही घोषणा आपण किती निवडणुकांत ऐकली! पण उताऱ्यावरचा बोजा उतरतो तेव्हा रक्कम हवेत विरत नाही. बँकेला ती कुणीतरी भरून देतं, नाहीतर बँक तेवढी बुडते. क्षमेचंही तसंच आहे. 'जाऊ द्या, काही झालं नाही' ही क्षमा नव्हे, तो विसराळूपणा झाला, नाहीतर भीती. क्षमा म्हणजे 'झालंय, इतकं नुकसान झालंय, आणि ते मी सोसतो.' ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे बघतो तो याच अर्थानं. ते सोसणं नेमकं कसं घडलं यावर आमच्यात नऊशे वर्षांचे वाद आहेत. मध्ययुगातला धर्मपंडित अ‍ॅन्सेल्म म्हणाला, देवाच्या मानाचं देणं फेडलं गेलं. त्याच्यानंतरचा पंडित आबेलार म्हणाला, ते प्रेम बघूनच माणूस पालटतो. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, आणि आमच्या पाळकांना हे माझं उत्तर आवडत नाही.

मग पश्चात्ताप कशाला? आपल्या संतांनी 'अनुताप' म्हटलं, त्यात ताप आहे, जळणं आहे. हिब्रू शब्दात मात्र जळण्यापेक्षा फिरणं आहे: चुकलेल्या वाटेवरून माघारी येणं. येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदाही जळला. त्यासाठी घेतलेली ३० नाणी परत टाकली, आणि गळफास घेतला. दुसरा शिष्य पेत्र, त्यानं तर तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं होतं. तोही ढसाढसा रडला, पण परत आला. रडणं दोघांचं खरं होतं. परत आला तो एकटा पेत्र.

आणि जक्कय! यरीहोचा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा तो म्हणाला, 'अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवून काही घेतलं त्याला चौपट परत करतो.' मोशेच्या नियमशास्त्रात लुबाडलेलं कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. यानं स्वतःहून चोराला लागू असलेला दर लावून घेतला. येशूनं तारणाचा शब्द उच्चारला तो हे ऐकल्यावर.

पापकबुलीची रीत आमच्यात एक नाही. घोगरगावकडचे कॅथलिक फादरांपुढं कबुली देतात. इथं जालन्यात, नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीपासून आलेल्या स्कॉटिश परंपरेत, मंडळी मिळून देवापुढं देतात. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक ल्यूथर भांडला तो कबुलीशी नव्हे, पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांशी.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: 'पैठणच्या नाथांनी अंगावर थुंकणाऱ्याला न मागता माफ केलं. तुमचा येशू पश्चात्तापाची अट का घालतो?' चिठ्ठी चांगली आहे, मला अडचणीत आणणारी. लूकच्या १७व्या अध्यायात अट आहे: भावानं अपराध केला तर त्याला दटाव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. त्याच लूकमध्ये क्रूसावर 'हे बापा, त्यांना क्षमा कर' आहे, आणि तिथं कुणीही माफी मागितलेली नाही. मला वाटतं, मनातला गळफास सोडणं एकट्याला जमतं, तुटलेलं नातं जोडायला दोघं लागतात. आणि 'क्षमा करा' हा उपदेश आपल्याकडे नेहमी दुबळ्यालाच होतो, विहिरीवरून हाकललेल्याला, मार खाल्लेल्या बाईला. 'दटाव' हा शब्द त्यांच्यासाठी आहे, तो त्यांच्यापासून चोरू नका.

घरातलं सांगतो. आमचं शेत भोकरदनकडे. धाकटे चुलते दर नांगरटीला बांध कोरायचे, एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ. वीस वर्षांत चांगली पट्टी गेली. म्हातारपणी, उपवासकाळात, ते आमच्या ओसरीवर आले. 'दादा, माझं चुकलं' म्हणून रडले. वडीलही रडले. प्रार्थना झाली, चहा झाला. रात्री आई म्हणाली, 'भाऊजी रडले ते खरं, पण मोजणी कधी?' वडील रागावले, माफ केल्यावर मोजणी कसली म्हणून. आई गप्प बसली, पण मला वाटतं त्या घरात जक्कय तिला एकटीलाच कळला होता.

आता दोघंही भाऊ हयात नाहीत. मागच्या उन्हाळ्यात चुलतभावानं आपणहून मोजणीचा अर्ज केला. फी मी निम्मी देऊ केली, त्यानं घेतली नाही. तारीख अजून लागलेली नाही.