बॅटरीची गाडी, नायट्रोची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच, "काका, पोराला रिमोटची गाडी घ्यायचीय. बॅटरीची घेऊ की नायट्रोची? जास्त कुठली पळते?" नायट्रोची म्हणजे इंधनावर, छोट्या इंजिनावर चालणारी. मी त्यांना उलट विचारतो, गाडी पळवण्याआधी आणि पळवून झाल्यावर तिच्याजवळ कोण बसणार आहे? या दोन गाड्यांतला खरा फरक तिथे आहे. वेगाचं म्हणाल, तर ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर म्हणजे लायपो बॅटरी आल्यापासून बॅटरीची गाडी मागे राहिलेली नाही. सुटताना तर तीच पुढे जाते. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो; नायट्रोला आधी फेरे वाढवावे लागतात, मग क्लच धरतो.

नायट्रोत पेट्रोल घालायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. पेट्रोल चालत नाही. हे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. तेलात पुष्कळदा एरंडेल असतं, हो, आजीच्या कपाटातलं तेच एरंडेल. इंजिन कितीही तापलं तरी ते धातूला धरून राहतं. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला साडेचौदा किलोंहून जास्त हवा लागते, नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोही लागत नाही. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं, आणि मुठीत मावणारं साडेतीन सीसीचं इंजिन मिनिटाला 30 हजारांवर फेरे घेतं. त्याला स्पार्क प्लग नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरुवातीला दीड व्होल्ट देऊन ती लाल करायची आणि इंजिन लागलं की सेल काढून घ्यायचा. पुढे दाबाची उष्णता आणि मिथेनॉलची प्लॅटिनमवर होणारी क्रिया, एवढ्यावर ती तापलेली राहते. इतकी वर्षं झाली, मला त्याचं नवल अजून वाटतं.

खरं कसब आहे ते कार्ब्युरेटरच्या सुईत, म्हणजे इंजिनात किती इंधन जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच. मुंबईत नीट लावलेली गाडी इथे आणली की भकाभका धूर सोडते, कारण इथली हवा विरळ आणि इंधन जास्त होतं. मग सुई थोडी आवळायची. पण मे महिन्याच्या दुपारी आवळलेली सुई डिसेंबरच्या पहाटे तशीच ठेवलीत, तर गार, दाट हवेला इंधन कमी पडतं, इंजिन 'लीन' होतं आणि तापून पिस्टन आणि त्याभोवतीची नळी, म्हणजे स्लीव्ह, खातं. हे कुठल्या काट्यावर दिसत नाही, आवाजात कळतं. धुराची निळसर रेघ दिसत राहिली पाहिजे आणि आवाज कोरडा, किरकिरा होता कामा नये. मी सातपूरला लेथवर उमेदवारी केली, तेव्हा कटिंगचा आवाज ऐकायला शिकलो होतो. तोच कान इथे कामी आला.

आणि शेवटचं काम टाळू नका. मी एका पावसाळ्यात टाळलं. मैदानावरून भिजत आलो, टाकी रिकामी न करता गाडी माळ्यावर टाकली. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पुढच्या वेळी दोरी ओढली, तर इंजिन जाम, क्रँकचं बेअरिंग गंजलेलं. तेव्हापासून टाकी उपसतो, उरलेलं इंधन जाळून इंजिन बंद पडू देतो, आत तेलाचे थेंब सोडून चार-सहा वेळा फिरवतो. मगच हात धुतो.

पालकांना एक कळकळीने सांगतो. मिथेनॉल विष आहे, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. लहान मूल एकटं असताना त्याच्या हाती ती बाटली देऊ नका.

बॅटरीच्या गाडीला हा व्याप नाही. कॉलनीच्या गल्लीत संध्याकाळी चालवली तरी शेजारी दार उघडून बघणार नाहीत. पण लायपोलाही शिस्त लागते. एका सेलला 4.2 व्होल्टच्या वर चढवायचं नाही, 3 च्या खाली उतरू द्यायचं नाही, आणि आठवडाभर गावी जाणार असाल तर 3.8 वर ठेवून जायचं. 5000 एमएएचची, म्हणजे 5 अँपिअर-तासांची बॅटरी 5 अँपिअरने, तासाभरात, डोळ्यांसमोर चार्ज करा. रात्री लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू तर मुळीच नका. उन्हाळ्यात बंद गाडीत ती विसरणं तितकंच वाईट.

म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोरासाठी मी बॅटरीचीच गाडी सांगतो. घरात कुणी इंजिनाजवळ बसणारं असेल, तर नायट्रो पुढे कधीतरी. आमच्या शेजारचा मुलगा तीन वर्षं बॅटरीची गाडी चालवतोय. गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर माझ्या गाडीने दोन फेऱ्या मारल्या आणि तो मागून म्हणाला, "काका, आवाज कोरडा येतोय." मी गाडी थांबवली आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

नमस्कार.